नेपच्यून, तपकिरी कुत्रा आणि मधमाशीचा काटा

जांभूळ मोहरली की झाडाखाली गुंजारव सुरू होतो, आणि दोन-अडीच महिन्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाला त्या गुंजारवाइतके आकर्षक दुसरे काही नसते. ते आधी कान टवकारते, मग नाक पुढे करते आणि गवतात पडलेल्या फुलांवरची मधमाशी हुंगायला जाते. क्षणभराने केकाटत मागे येते, पंजाने तोंड खरवडू लागते. नाकाच्या शेंड्यावर किंवा ओठावर एक बारीक काटा रुतलेला असतो. त्याच्या टोकाशी पांढरट पिशवी असते, आणि मधमाशी निघून गेल्यावरही ती पिशवी आकुंचन पावत विष आत ढकलत राहते.

पुढच्या अर्ध्या तासात पिल्लाचा धनी जे काही करतो, म्हणजे काटा काढतो, बर्फ लावतो, हिरड्यांचा रंग पाहतो, वेळ पडल्यास पशुवैद्याकडे धावतो, त्यातल्या बहुतेक प्रत्येक कृतीमागे एक तारीख आहे. काही तारखा आश्चर्य वाटावे इतक्या अलीकडच्या आहेत. आणि सर्वांत महत्त्वाच्या तारखांमागे कुत्रेच उभे आहेत. मात्र ते अंगणातले नव्हते, प्रयोगशाळेतले होते.

प्रथम काटा. सतराव्या शतकात यान स्वामरडॅम या डच शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली मधमाशीचे विच्छेदन करून तिच्या नांगीची अत्यंत बारकाईने चित्रे काढली. ती त्याच्या मृत्यूनंतर सुमारे अर्ध्या शतकाने, १७३७-३८ मध्ये प्रकाशित झाली. नांगीला मागे वळलेले दाते असतात. दुसऱ्या कीटकाला डंख मारल्यावर मधमाशीला ती सहसा परत ओढता येते, पण सस्तन प्राण्याच्या लवचीक कातडीत दाते अडकतात आणि नांगी विषपिशवीसह उपटून मागे राहते. गांधीलमाशीचे तसे नाही. तिची नांगी सुटते आणि ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. म्हणून पिल्लाच्या अंगावर काटा सापडला तर चावली ती मधमाशी, एवढा निष्कर्ष निःशंकपणे काढता येतो.

हा काटा काढावा कसा? विसाव्या शतकातील प्रथमोपचाराची पुस्तके एकमुखाने सांगत की चिमट्याने धरू नका, पिशवी दाबली जाऊन उरलेले विष आत जाईल; नखाने वा पातळ कडेने खरवडून काढा. युक्तिवाद सुबक होता. तो कोणी तपासून मात्र पाहिला नव्हता. १९९६ मध्ये व्हिशर, व्हेटर आणि कॅमझीन या तीन अमेरिकी संशोधकांनी तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तपासला. त्यासाठी त्यांनी मधमाश्यांचे डंख स्वतःच्या हातांवर घेतले आणि उठलेल्या गांधीचे आकार मोजले. चिमटीत धरून ओढलेला काटा आणि खरवडून काढलेला काटा यांत फरक आढळला नाही. फरक आढळला तो वेळेत. काटा जितका अधिक सेकंद आत, तितकी गांध मोठी. त्याच्या दोनच वर्षे आधी झालेल्या मोजणीत दिसले होते की पिशवीतील सुमारे ९० टक्के विष पहिल्या २० सेकंदांतच आत जाते. कार्ड शोधायला घरात धावणारा धनी म्हणूनच चुकतो. नख हाताशीच असते.

काटा निघाला की घरातील वडीलधारी मंडळी औषध सुचवतात. कोणी चुना आणतो, कोणी कांदा कापतो, कोणी लोखंडाची चावी घासायला सांगतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या घरांतही एक सूत्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे: मधमाशीला खाण्याचा सोडा, गांधीलमाशीला व्हिनेगर. त्यामागची कल्पना अशी की मधमाशीचे विष आम्लधर्मी, म्हणून त्यावर अल्क लावावे. ही कल्पना अडाणी लोकांची नव्हे, ती शास्त्रज्ञांची होती. सतराव्या शतकात मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातून एक आम्ल मिळाले. त्याला मुंगीच्या लॅटिन नावावरून फॉर्मिक आम्ल म्हणू लागले, आणि मधमाशीची जळजळही त्याच आम्लाची असणार असे गृहीत धरले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राग येथील योसेफ लांगर याने विषाचे पृथक्करण करून हे गृहीतक मोडले. आज माहीत आहे की सुक्या विषाचा जवळजवळ निम्मा भाग मेलिटिन नावाचे एक लहान प्रथिन असते. ते पेशींची आवरणे फोडते. शिवाय ते कातडीच्या आत गेलेले असते, त्यामुळे वरून लावलेला सोडा त्याच्यापर्यंत पोहोचतही नाही. सोड्याने निदान अपाय होत नाही. चुन्याचे तसे नाही. पिल्लू लावलेले सर्व काही चाटते, आणि चुन्याने त्याची जीभ व डोळे भाजू शकतात. लोखंड घासण्यात थोडा अर्थ शोधायचाच तर तो धातूच्या गारव्यात आहे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरला तर तेच काम अधिक चांगले होते.

कीटकदंशाचा विचार भारतात फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात कीटकविषाला स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात माश्यांचे सहा प्रकार मोजले आहेत. त्यांपैकी काहींचा दंश किरकोळ, तर काहींचा गंभीर मानला आहे. एकच गोष्ट कधी क्षुल्लक आणि कधी प्राणघातक का ठरते, हा प्रश्न तिथे आहे. उत्तर मात्र माशीच्या जातीत शोधले आहे. ते उत्तर दंश झालेल्या शरीरात दडलेले आहे, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

इथे इतिहासप्रेमींसाठी एक थांबा आवश्यक आहे. ॲलर्जीवरील असंख्य पुस्तकांची सुरुवात इजिप्तच्या मेनीस राजापासून होते. गांधीलमाशीच्या दंशाने मेलेला हा जगातील पहिला ज्ञात रुग्ण, असे ठणकावून सांगितले जाते. या दाव्याचे मूळ एल. ए. वॉडेल यांच्या १९३० च्या पुस्तकात आहे. इजिप्शियन संस्कृती सुमेरियनांपासून निघाली हे सिद्ध करण्याच्या भरात त्यांनी एका प्राचीन पट्टिकेवरील चिन्हांचे मनाजोगते वाचन केले. इजिप्तविद्येच्या अभ्यासकांना ते मान्य नाही. प्राचीन इजिप्शियन इतिहासकार मॅनेथो याच्या परंपरेनुसार तर मेनीसला पाणघोड्याने मारले. एवढा अवाढव्य पाणघोडा बाजूला सारून वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांनी गांधीलमाशी निवडली, कारण त्यांना आपल्या विषयाला एक राजा हवा होता.

खरी सुरुवात राजापाशी नसली तरी एका राजपुत्राच्या बोटीवर झाली. मोनॅकोचा प्रिन्स आल्बर्ट पहिला हा समुद्रविज्ञानाचा मोठा व्यासंगी होता. १९०१ च्या उन्हाळ्यात त्याच्या 'प्रिन्सेस ॲलिस' या बोटीवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. प्रिन्सने त्यांना फायसेलिया या तरंगत्या सागरी प्राण्याच्या विषाचा अभ्यास करण्यास सुचवले. हा प्राणी मराठी वाचकाला परका नाही. त्याचेच भाईबंद पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या वाळूवर निळ्या फुग्यांसारखे पडलेले दिसतात, आणि पायाला लागले की चटका बसतो. पॅरिसला परतल्यावर फायसेलिया मिळेना, म्हणून दोघांनी समुद्रफुलाच्या, म्हणजे ॲक्टिनियाच्या, स्पर्शकांपासून विष काढले आणि ते कुत्र्यांना टोचून मारक मात्रा ठरवू लागले.

ज्या कुत्र्यांना कमी मात्रा मिळाली ते वाचले. त्यांना विश्रांती देऊन पुन्हा वापरण्यात आले. नेपच्यून हा असाच एक मोठा, धडधाकट कुत्रा. पहिल्या इंजेक्शनाने त्याला काही झाले नाही. बावीस दिवसांनी, तो पूर्ण ठणठणीत असताना, त्याला तेवढीच मात्रा पुन्हा दिली. काही सेकंदांतच त्याला धाप लागली, पाय ओढत तो जेमतेम सरकला, एका अंगावर पडला, जुलाब झाले, रक्ताची उलटी झाली, आणि २५ मिनिटांत तो मेला.

ही घटना त्या काळच्या समजुतीच्या नेमकी उलट होती. जेन्नर आणि पाश्चर यांच्यापासून सर्वांना ठाऊक होते की विषाशी एकदा ओळख झाली की शरीर दुसऱ्या वेळी अधिक समर्थ असते. इथे ओळखीनेच घात केला होता. १५ फेब्रुवारी १९०२ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे रिशे आणि पोर्तिए यांनी निबंध वाचला आणि या अवस्थेला 'ॲनाफिलॅक्सिस' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'फिलॅक्सिस' म्हणजे संरक्षण; त्याच्या उलट ते हे. १९१३ चे नोबेल पारितोषिक एकट्या रिशेला मिळाले, पोर्तिएला नाही. रिशेचे व्यक्तिमत्त्व सरळ नव्हते. प्रेतात्म्यांच्या बैठकांत तो रमे, 'एक्टोप्लाझम' हा शब्द त्याचाच, आणि वंशशुद्धीच्या चळवळीतही तो पुढारी होता. त्याचे निरीक्षण मात्र आजही अक्षरशः टिकून आहे.

अक्षरशः म्हणण्याचे कारण असे. माणसाला तीव्र ॲलर्जी झाली की घसा आणि श्वासनलिका सुजतात, अंगावर पित्त उठते. कुत्र्यात पुष्कळदा पहिला आघात यकृतावर आणि आतड्यांवर होतो. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा आवळतात, रक्त पोटात साचते, हृदयाकडे पुरेसे परतत नाही आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून डंखानंतर काही मिनिटांत पिल्लाला एकाएकी उलटी झाली, जुलाब झाले, ते लटपटू लागले, तर 'काहीतरी खाल्ले असेल' असे म्हणून थांबणे घातक ठरते. चेहरा मुळीच सुजलेला नसतानाही हे घडू शकते. नेपच्यूनची लक्षणे हीच होती. २००९ मध्ये पशुवैद्यांनी दाखवून दिले की अशा कुत्र्यांच्या पित्ताशयाची भिंत सोनोग्राफीत सुजलेली दिसते आणि रक्तातील यकृताचे एक विकर वाढते. निदानाला आज त्याची मदत होते.

कुत्र्याच्या यकृताची आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. ॲनाफिलॅक्सिसमध्ये सापडलेल्या कुत्र्याचे रक्त गोठत नाही, हे जुन्या संशोधकांच्या लक्षात आले होते. १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतात रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला. पुढे त्या प्रयोगशाळेने तशाच एका पदार्थाला यकृताच्या ग्रीक नावावरून 'हेपॅरिन' म्हटले. १९४१ मध्ये कोडे सुटले. आघाताच्या वेळी यकृत रक्तात सोडते ते हेच हेपॅरिन. आज जगभरात हृदयशस्त्रक्रिया ज्या औषधाच्या आधारावर होतात, त्याचे नावच यकृताची आठवण वागवते.

कोसळलेला रक्तदाब सावरणारे औषध तोवर शोधले गेले होते, फक्त त्याची आणि या रोगाची गाठ पडलेली नव्हती. १८९३-९४ च्या हिवाळ्यात जॉर्ज ऑलिव्हर हा एक इंग्लिश डॉक्टर मूत्रपिंडावरील लहानशा ग्रंथींचा अर्क घेऊन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील एडवर्ड शेफर यांच्याकडे गेला. अर्क टोचताच प्राण्याचा रक्तदाब झपाट्याने चढला. १९०० मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने आणि त्याचा सहकारी केइझो उएनाका यांनी न्यूयॉर्कमध्ये त्यातील शुद्ध द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले. तेच ॲड्रेनालिन. तीव्र ॲलर्जीत प्राण वाचवणारे पहिले औषध आजही तेच आहे, मग रुग्ण माणूस असो वा पिल्लू.

त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात २ फेब्रुवारी १९०३ रोजी विल्यम बेलिस यांनी विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी टेरियर कुत्र्यावर प्रात्यक्षिक केले. त्याच कुत्र्यावर दोन महिन्यांपूर्वी एक शस्त्रक्रिया झालेली होती. १८७६ च्या ब्रिटिश कायद्यानुसार एकच प्राणी पुन्हा दुसऱ्या प्रयोगासाठी वापरता येत नसे. श्रोत्यांत लिझी लिंड आफ हागेबी आणि लाइसा शार्टाऊ या दोन स्वीडिश तरुणी होत्या. प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करण्यासाठीच त्यांनी वैद्यकाच्या वर्गात नाव घातले होते. कुत्रा पुरेसा बेशुद्ध नव्हता, तो धडपडत होता, असे त्यांनी लिहिले. बेलिस यांनी हे नाकारले. आरोप जाहीर सभेत करणाऱ्या स्टीफन कोलरिज यांच्यावर त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तो जिंकलाही. भरपाई ठरली २००० पौंड.

प्रकरण मिटले नाही. १९०६ मध्ये लंडनच्या बॅटर्सी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तो अपमान वाटला. १० डिसेंबर १९०७ रोजी सुमारे हजारभर विद्यार्थी ट्रॅफल्गर चौकात उतरले आणि पोलिसांशी चकमकी झाल्या. पुतळ्याला अहोरात्र पहारा द्यावा लागला, त्याचा खर्च डोईजड झाला, आणि १९१० मध्ये रात्रीच्या अंधारात तो हलवण्यात आला. एका रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी कामगार, मताधिकारवादी स्त्रिया आणि भावी डॉक्टर एकमेकांसमोर उभे ठाकले होते. दोन्ही बाजूंना आपण दयेच्या पक्षाचे आहोत अशी खात्री होती.

या प्रकरणातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. प्रात्यक्षिक संपल्यावर तो तपकिरी कुत्रा ज्या तरुण संशोधकाच्या स्वाधीन करण्यात आला आणि ज्याने त्याला अखेर मारले, त्याचे नाव हेन्री डेल. सात वर्षांनी, १९१० मध्ये, डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी हिस्टामिनच्या परिणामांवर निबंध प्रसिद्ध केला. हे द्रव्य प्राण्यांना टोचल्यावर दिसणारी अवस्था ॲनाफिलॅक्सिसशी विलक्षण मिळतीजुळती आहे, असे त्यांनी नोंदवले. पिल्लाचा ओठ डंखानंतर फुगतो तो मुख्यतः या हिस्टामिनमुळे. १९३७ मध्ये डॅनियल बोव्हे आणि ॲन-मारी स्टॉब यांनी पॅरिसमध्ये हिस्टामिनला अडवणारे पहिले द्रव्य शोधले. ते औषध म्हणून फार विषारी होते. १९४० च्या दशकात मात्र सिनसिनाटीचे जॉर्ज रिव्हश्ल यांनी बनवलेले डायफेनहायड्रामिन आले, आणि पशुवैद्य आजही ते वापरतात. शरीराला आधीची ओळख 'लक्षात' ठेवायला लावणारे प्रतिपिंड, आयजीई, तर १९६६-६७ मध्येच सापडले. म्हणजे नेपच्यूनच्या मृत्यूचे पूर्ण स्पष्टीकरण मिळायला ६५ वर्षे लागली.

आता पुन्हा अंगणात. काटा काढला, बर्फ धरला. बहुतेक पिल्लांचे दुखणे इथेच संपते. सूज तासाभरात वाढते आणि दिवसभरात उतरू लागते. पहिला अर्धा ते एक तास मात्र पिल्लावरची नजर हलवू नये. ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी हव्यात. पांढरट किंवा निळसर झाल्या, बोट दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला, उलट्या, जुलाब, धाप वा ग्लानी दिसली, तर घरगुती उपायांची वेळ संपली. डंख तोंडाच्या आत किंवा घशात असेल तर लक्षणांची वाट न पाहता निघावे, कारण तिथली सूज श्वास रोखते. माणसांच्या डब्यातील गोळी देण्याचा मोह आवरावा. आयबुप्रोफेन पिल्लाच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला, तर पॅरासिटामॉल त्याच्या यकृताला घातक ठरू शकते, आणि सर्दीच्या काही मिश्र गोळ्यांत हिस्टामिनरोधकाबरोबर कुत्र्याला अपायकारक अशी दुसरी औषधे असतात. किती आणि कोणती मात्रा, हे पिल्लाचे वजन पाहून पशुवैद्यानेच ठरवायचे.

आग्या मोहोळ उठले तर हिशेबच बदलतो. सह्याद्रीतील गडकोटांच्या कड्यांवर या मोहोळांची पोळी लटकतात, आणि गिर्यारोहकांबरोबर त्यांची कुत्रीही गडावर जातात. अशा वेळी ॲलर्जी असो वा नसो, विषाची एकूण मात्राच मारक होते. मधमाशीच्या बाबतीत सस्तन प्राण्यांसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे २० डंख हा प्राणघातक मात्रेचा प्रचलित अंदाज आहे. तीन किलोच्या पिल्लाला म्हणजे साठ डंख पुरतात, आणि उठलेल्या मोहोळाला साठ ही संख्या काहीच नाही. अशा पिल्लाला लगेच पशुवैद्याकडे न्यावे, आणि ते वाचले तरी पुढचे काही दिवस त्याच्या लघवीचा रंग पाहत राहावे लागते. ती लालसर वा गडद तपकिरी झाली तर रक्तपेशी किंवा स्नायू फुटत आहेत आणि मूत्रपिंड संकटात आहे.

ज्या कुत्र्याला एकदा तीव्र प्रतिक्रिया आली, त्याच्यासाठी आज विषाच्याच सूक्ष्म, चढत्या मात्रांची उपचारमाला उपलब्ध आहे. ही कल्पनाही सहज रुळली नाही. विसाव्या शतकात कित्येक दशके माणसांना अख्ख्या मधमाशीचा कुटून केलेला अर्क टोचला जाई. न्यूयॉर्कच्या मेरी लव्हलेस १९५० च्या दशकापासून सांगत होत्या की अर्क विषपिशवीचाच हवा, आणि त्या स्वतः गांधीलमाश्यांच्या पिशव्या सोडवून तो बनवत. बाईंचे फारसे कोणी ऐकले नाही. १९७८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या तुलनात्मक चाचणीत अख्ख्या माशीचा अर्क नुसत्या पाण्यासारख्या बनावट औषधाहून सरस ठरला नाही, शुद्ध विष मात्र प्रभावी ठरले.

बॅटर्सी उद्यानात १९८५ पासून तपकिरी कुत्र्याचा नवा पुतळा आहे, जुन्यापेक्षा लहान आणि अधिक लाघवी. अंगणातल्या पिल्लाचा ओठ दुसऱ्या सकाळपर्यंत बहुधा पूर्ववत झालेला असतो आणि ते पुन्हा जांभळीखाली हुंगत फिरत असते. त्याच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत पहिल्या डंखाची तारीख टिपून ठेवावी आणि पुढच्या डंखाच्या वेळी ती पशुवैद्याला दाखवावी. नेपच्यूनच्या दोन इंजेक्शनांमध्ये बावीस दिवस गेले होते.